सहा वाजताचं जेवण

जपानमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, म्हणजे ओन्सेनला, जाऊन आलेला माणूस परतल्यावर स्नानाबद्दल बोलतो. पण ऱ्योकान म्हणजे तिथली पारंपरिक पाहुणघरं चालवणाऱ्यांना विचारलं, तर ते जेवणाबद्दल बोलतात. पाणी जमिनीतून येतं, रात्रीचं जेवण मात्र पहाटेपासून उभं करावं लागतं. खोलीचं भाडंही तिथे जेवणासकट आणि दर माणशी सांगतात. एक रात्र आणि दोन जेवणं, असा तो हिशेब. वरच्या दर्जाच्या घरात माणशी ५०,००० येन किंवा त्याहूनही जास्त पडतात. त्यातला मोठा वाटा कशाचा, हे कळायला घराच्या मागच्या दाराने आत जावं लागतं.

इशिकावा प्रांताच्या दक्षिणेला, कागा भागात, यामाशिरो, यामानाका, कातायामाझु अशी ओन्सेनची गावं जवळजवळ आहेत. ग्योकी नावाच्या बौद्ध भिक्षूला यामाशिरोचा झरा ७२५ साली सापडला अशी आख्यायिका आहे. पुढे दिलेला दिवस कुठल्याही एका नावाच्या घराचा नाही. या भागातल्या मोठ्या ऱ्योकानांत काम ज्या क्रमाने चालतं तो क्रम आहे. महिना नोव्हेंबरचा घेतला आहे, कारण ६ नोव्हेंबरला खेकड्याची मासेमारी खुली होते आणि तिथून पुढे स्वयंपाकघराला श्वास घ्यायला फुरसत नसते.

पहाटे पाच

सकाळच्या पाळीचा आचारी आधी तांदूळ धुऊन भिजत घालतो आणि मग दाशीच्या पातेल्याकडे वळतो. दाशी म्हणजे या सगळ्या स्वयंपाकाचं मूळ पाणी. कोम्बु नावाच्या जाड समुद्री शेवाळाचे पट्टे रात्रभर पाण्यात पडलेले असतात. ते पाणी मंद आचेवर साठ अंशांच्या आसपास बराच वेळ ठेवायचं आणि उकळी फुटण्याच्या आत कोम्बु काढून घ्यायचा. उकळला तर पाणी बुळबुळीत होतं आणि वास मारतं. मग त्यात वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाचा कीस, कात्सुओबुशी, टाकायचा आणि काही क्षणांतच कापडातून गाळायचा. कापड पिळायचं नाही. पिळलं की कडवटपणा उतरतो.

हा झाला पहिला दाशी. गाळून उरलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून उकळला की दुसरा. न्याहारीच्या मिसो सूपला आणि भाज्या शिजवायला दुसरा चालतो. रात्रीच्या स्वच्छ सूपला पहिलाच लागतो, आणि तो संध्याकाळी ताजा काढायचा असतो. सकाळी काढून ठेवलेला वापरला तर पाहुण्याला कदाचित कळणार नाही, पण मुख्य आचाऱ्याला, इताचोला, कळेल. एवढं कारण तिथे पुरतं.

गंमत म्हणजे कोम्बु कागाच्या किनाऱ्यावरचा नव्हेच. तो येतो उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ओसाका आणि होक्काइदो यांच्यामध्ये जपानच्या पश्चिम किनाऱ्याने कितामाएबुने नावाची व्यापारी गलबतं चालत. तांदूळ, मीठ, मद्य, कापड घेऊन वर जायची आणि हेरिंग माशाचं खत, वाळवलेले मासे, कोम्बु भरून खाली यायची. या गलबतांच्या कितीतरी श्रीमंत मालकांची घरं यामाशिरोपासून जवळच असलेल्या हाशिताते गावात होती, आजही त्यांतली काही उभी आहेत. या किनाऱ्याच्या चुलीवर कोम्बु चढला तो त्या व्यापाराने. त्याची चव नेमकी कशातून येते हे १९०८ साली तोक्योच्या किकुनाए इकेदा यांनी शोधलं आणि तिला उमामी हे नाव दिलं. कात्सुओबुशीतला उमामीचा दुसरा घटक १९१३ साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना सापडला. हे दोन एकत्र आले की चव बेरजेने नाही, कित्येक पटींनी वाढते. शास्त्रज्ञ पोचायच्या आधी आचाऱ्यांनी ही जोडी जमवली होती.

साडेसात

या वेळेला नाकाई कामावर असते. नाकाई म्हणजे एका किंवा दोन-तीन खोल्यांची जबाबदारी असलेली बाई. चहा, जेवण, अंथरूण, निरोप, सगळं तिच्याकडे. किमोनोत, पांढऱ्या तबी मोज्यांत, ती न्याहारीचे ट्रे लावते. भात, मिसो सूप, भाजलेला वाळवणीचा मासा, तोफू, नोरीचे पापुद्रे, लोणचं आणि एका वाटीत ओन्सेन तामागो, म्हणजे झऱ्याच्या पाण्यात शिजवलेलं अंडं.

या अंड्यात बलक धरलेला असतो आणि पांढरा भाग थरथरता, आपल्या उकडलेल्या अंड्याच्या बरोबर उलट. बलक ६५ ते ७० अंशांत घट्ट व्हायला लागतो; पांढऱ्याला पुरतं घट्ट व्हायला ८० च्या आसपास उष्णता हवी. म्हणून सत्तरच्या जरा खाली असलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवलं की हे साधतं. ओन्सेनच्या गावांना हे पाणी फुकट मिळतं, त्यामुळे इथे अंड्याला चूल लागत नाही.

नात्तो, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, परदेशी पाहुण्यांसमोर ठेवायचा की नाही हा बऱ्याच घरांत रोजचा छोटा प्रश्न असतो. माझं मत विचाराल तर ठेवावा. तार धरलेला, वासाचा, हट्टी पदार्थ आहे. न आवडला तर बाजूला सारता येतो, पण यजमानाने आधीच आपल्या वतीने नापसंती ठरवून टाकणं बरं नव्हे.

दहा-अकराला पाहुणे निघतात. ओकामी, म्हणजे घराची मालकीण, आणि मोकळ्या असलेल्या नाकाई दारात उभ्या राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवतात. गाडी दिसेनाशी झाली की सगळ्या झपाझप आत वळतात, कारण तीन वाजता पुढचे पाहुणे यायचे असतात.

साडेअकरा

स्वयंपाकघराच्या बाजूला उभ्या-उभ्याच बैठक होते. ओकामी किंवा फ्रंटचा माणूस आजच्या पाहुण्यांची यादी वाचतो. कोण किती, कुठल्या खोलीत. इथे खोल्यांना आकड्यांऐवजी झाडांची, फुलांची नावं असतात. कोण पूर्वी येऊन गेलंय आणि तेव्हा काय वाढलं होतं, हेही पाहतात. परत आलेल्या माणसाला तेच पदार्थ त्याच भांड्यांत मिळू नयेत असा दंडक चांगली घरं पाळतात. कोणाला कोळंबीची अ‍ॅलर्जी, कोणाचा वाढदिवस, कोणाचे गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर न बसवता खुर्ची-टेबल.

आणि मग कधीतरी मुंबई-पुण्याच्या ट्रॅव्हल कंपनीकडून आलेली ओळ: दोघे शाकाहारी.

इताचो या ओळीकडे जरा वेळ बघत राहतो. खेकडा, मासा, बदक काढलं म्हणून पान शाकाहारी होत नाही. सूप दाशीचं. भाजी दाशीत शिजलेली. अंड्याचं वाफवलेलं कस्टर्ड दाशीत फेटलेलं. तेंपुरासोबतची बुडवायची चटणी दाशीची. कुठेतरी चव खोल करायला इशिरू घातलेला, तो नोतो द्वीपकल्पाचा, सार्डिन किंवा स्क्विड मिठात मुरवून केलेला माशाचा अर्क. म्हणजे नवीन पान मुळापासून उभं करायचं. वाळवलेल्या शिताके अळंबीचा आणि कोम्बुचा वेगळा दाशी, वेगळी पातेली, वेगळा गाळणीचा कपडा.

आचाऱ्याला हे येत नाही असं मुळीच नाही. शेजारच्याच फुकुइ प्रांतात एइहेइजी हा झेन मठ आहे, दोगेन यांनी १२४४ साली स्थापन केलेला. मठाच्या स्वयंपाक्याने काम कसं करावं यावर दोगेन यांनी त्याच्या आधीच, १२३७ साली, एक ग्रंथ लिहिला होता. मठांतून आलेली शोजिन पद्धतीची शाकाहारी पाकविद्या या भागात चांगली रुजलेली आहे. तिळाचा तोफू, गव्हाच्या ग्लुटेनचे फू, युबा म्हणजे सोयादुधावरची साय, किसलेल्या कमळकाकडीचा वाफवलेला गोळा. त्या पद्धतीत कांदा-लसूणही चालत नाही, हे आपल्याकडच्या अनेकांना ऐकून बरं वाटेल. जैन पाहुणा असेल तर मात्र आचाऱ्याची खरी कसोटी, कारण कागाच्या नामांकित भाज्यांपैकी कमळकाकडी, मुळा, रताळं हे सगळं जमिनीखालचं. आचारी मागतो ते एकच: वेळ. तीळ भिजवून वाटायला, अळंबी फुगायला, साहित्य मागवायला दोन-तीन दिवस आधी कळलं तर तो मनापासून रांधतो. पाहुणा दारात उभा राहून सांगायला लागला तर मिळतो भात, लोणचं आणि मीठ लावून तळलेली भाजी, आणि वर आचाऱ्याचं पडलेलं तोंड.

बारा

हाशितातेच्या बंदरावरचे खेकडे येतात. इशिकावात पकडलेल्या मोठ्या नराला कानो-गानी म्हणतात आणि त्याच्या पायाला निळी पट्टी असते. मादी आकाराने बरीच लहान, तिचं नाव कोबाको. नराचा हंगाम २० मार्चपर्यंत चालतो, मादीचा २९ डिसेंबरला बंद. तिच्या पोटाशी अंडी असतात म्हणून तिची मासेमारी लवकर थांबवतात; म्हणूनच या दोन महिन्यांत तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो.

नर मोठा आणि महागडा, फोटो त्याचेच निघतात. पण आचाऱ्याचा हात बघायचा असेल तर कोबाको बघावा. जिवंत खेकडा थेट उकळत्या पाण्यात टाकला तर तो पाय झटकून टाकतो, म्हणून आधी गोड्या पाण्यात ठेवून शांत करतात. मग खारट उकळत्या पाण्यात पोटाची बाजू वर करून, म्हणजे कवचातला मऊ ऐवज सांडत नाही. गार झाला की एक तरुण आचारी पाटावर बसतो. मादीचे पाय पेन्सिलपेक्षाही बारीक. प्रत्येक पायाची दोन्ही टोकं कापायची, पाट ओलसर करायचा आणि लाकडी लाटणं टोकाकडून दाबत फिरवायचं. कवच चिरडता कामा नये. दाब नेमका पडला तर दुसऱ्या टोकातून पांढरं-लालसर मांस अख्खं, काडीसारखं, बाहेर सरकतं. मग पोटाबाहेरची तपकिरी कुरकुरीत अंडी, आतली केशरी अंडी आणि कवचातला मऊ गर वेगवेगळा काढायचा, गर आणि अंडी कवचाच्या वाटीत भरायची आणि त्यावर पायांच्या काड्या शेजारी-शेजारी रचायच्या. एका खेकड्याला चांगला वेळ जातो, आणि संध्याकाळी पाहुणा तो चार घासांत संपवतो. कवचाचा एक तुकडा राहिला तर दाताखाली येतो. म्हणून रचून झाल्यावर बोटाने पुन्हा चाचपून बघतात.

एक ते तीन

ही मधली सुट्टी आहे आणि ऱ्योकानच्या नोकरीचं दुखणंही हेच आहे. पहाटे किंवा सकाळी यायचं, दुपारी दोन-तीन तास सुटायचं, संध्याकाळी पुन्हा उभं राहायचं ते रात्री दहापर्यंत. कागदावर तास बरोबर भरतात, पण दिवस सगळा जातो. तरुण माणसं या कामाला का येत नाहीत याचं उत्तर शोधायला समिती बसवायची गरज नाही. घरं आपापल्या परीने तोड काढतात. खोलीत जेवण वाढणं बंद करून वेगळ्या जेवणघरात छोट्या बंद खोल्या करणं, आठवड्यात एखादा दिवस घर बंद ठेवणं. नोतोमधल्या वाकुरा ओन्सेनचं कागाया हे प्रसिद्ध ऱ्योकान तर जेवण मजल्यापर्यंत नेणारी यंत्रणाच बसवून मोकळं झालं होतं, म्हणजे नाकाईचा वेळ जिन्यात न जाता पाहुण्यापाशी जाईल. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपाने ते घर आणि वाकुराचा मोठा भाग मोडला. तेव्हा कागातल्या ऱ्योकानांनी नोतोच्या बेघर झालेल्या लोकांना खोल्या दिल्या. अनेक पदार्थांची पानं मांडणाऱ्या स्वयंपाकघरांतून तेव्हा साधं, रोज खाता येईल असं जेवण गेलं.

जपानने एप्रिल २०१९ पासून निवासव्यवसायासाठी परदेशी कामगारांचा नवा व्हिसा सुरू केला. त्यामुळे आता किमोनोतली नाकाई नेपाळची किंवा व्हिएतनामची असणं नवलाचं राहिलेलं नाही. भारताशीही जानेवारी २०२१ मध्ये तसा करार झाला आहे. काही जुने पाहुणे नाक मुरडतात. पण गुडघे टेकून दार सरकवायची पद्धत जन्माने येत नाही, जपानी मुलींनाही ती इथेच शिकावी लागते.

तीन

सुट्टीवरून आल्यावर पहिलं काम भांड्यांचं. कोठीतून आजची भांडी निघतात, आणि इताचो स्वतः उभा असतो. कागात भांड्याचा प्रश्न भावनिक आहे, कारण कुतानी पोर्सेलीन इथलंच. डोंगरातल्या कुतानी गावात १६५५ च्या सुमाराला भट्टी पेटली, अर्ध्या शतकात विझली. मग १८२४ साली योशिदाया भट्टीने ती परंपरा पुन्हा धरली आणि दोनच वर्षांनी ती भट्टी यामाशिरोला आली. हिरवा, पिवळा, जांभळा, गडद निळा आणि लाल, हे कुतानीचे पाच रंग. त्यांवर कुठलाही फिका पदार्थ उठून दिसतो आणि कुठलाही भडक पदार्थ हरतो.

याच गावात १९१५ साली एक तरुण अक्षरकार येऊन राहिला. ऱ्योकानांच्या लाकडी पाट्या कोरायचं काम मिळालं म्हणून तो आला होता. इथल्या सुदा सेइका यांच्या भट्टीत त्याने पहिल्यांदा मातीच्या भांड्यावर कुंचला चालवला. तो म्हणजे किताओजी रोसानजिन. पुढे १९२५ साली तोक्योत त्याने होशिगाओका साऱ्यो हे सभासदांपुरतं भोजनगृह काढलं आणि तिथल्या पानाला शोभतील अशी भांडी स्वतः घडवायला लागला. भांडं हे अन्नाचं वस्त्र, असं तो मानायचा. यामाशिरोत तो राहिला ते घर आज बघता येतं. माणूस तिरसट म्हणून प्रसिद्ध होता. पण भांडं आणि पदार्थ एकाच डोक्यातून निघाले पाहिजेत हा त्याचा आग्रह आज जपानच्या प्रत्येक चांगल्या स्वयंपाकघरात नियमासारखा पाळला जातो.

सूपची वाटी मात्र लाकडाची, यामानाकात कातलेली आणि लाखेने रंगवलेली. पोर्सेलीन गरम होऊन हात भाजतं, लाकूड तसं करत नाही. वाटी दोन्ही हातांत धरून ओठांना लावायची असते.

साडेतीन-चार

हल्ली शिन्कान्सेन थेट कागा ओन्सेन स्टेशनला येते. १६ मार्च २०२४ ला हा मार्ग कानाझावापासून त्सुरुगापर्यंत वाढला. तोक्योहून तीन तासांच्या आसपास लागतात. त्यामुळे दुपारच्या गाडीने पाहुण्यांचा लोंढाच येतो.

नाकाई खोलीत नेते, गुडघ्यांवर बसून नमस्कार करते, चहा करते. तो कागाचा बो-चा असतो, चहाच्या पानांऐवजी देठं भाजून केलेला, तपकिरी आणि खरपूस. सोबत एक गोड वडी. ती केवळ आदरातिथ्याची नसते, रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरलं तर चक्कर येऊ शकते. वडी खाल्ली आहे ना, इकडे नाकाईचं लक्ष असतं. आणखीही बरंच ती टिपते. पाहुणा कप डाव्या हाताने उचलतो का, बसताना कण्हतो का, बायको नवऱ्याच्या बोलण्याची वाट बघते की उलट.

शेवटी विचारते, जेवण किती वाजता घेणार, सहा की साडेसहा?

आपल्याकडच्या पाहुण्याला यात चेष्टा वाटते. सहाला कोण जेवतं? आठ-साडेआठ जमेल का? बहुधा नाही. पाहुण्याने काय खायचं हे विचारलेलं नसतं, मेन्यूकार्ड निवडायला दिलेलं नसतं; विचारलेली एकच गोष्ट म्हणजे वेळ, आणि तिचेही दोनच पर्याय. या घराची सगळी श्रीमंती या एका उत्तरावर उभी असते. ते मिळालं की नाकाई स्वयंपाकघरात येते आणि फळ्यावर खोलीच्या नावापुढे वेळ लिहिते. तिथून पुढचं घड्याळ तो फळा असतो.

साडेपाच

पाहुणे स्नानाला. स्वयंपाकघरात बोलणं थांबलेलं. कोळसा पेटतो. पहिला दाशी आत्ता निघतो.

सहा

नाकाई दाराशी गुडघे टेकते. एका हाताने दार चार बोटं सरकवते, थांबते, हात खाली नेऊन अर्ध्यापर्यंत, मग दुसऱ्या हाताने पूर्ण. मधल्या थांब्यात आतल्या माणसाला सावरून बसायला अवधी मिळतो.

पहिला पदार्थ दुपारचा कोबाको, कवचातच. सोबत छोटा पेला. मग झाकणाची लाखेची वाटी. वाटीच्या झाकणावर पाण्याचे बारीक थेंब असतात, ते मुद्दाम शिंपडलेले. स्वयंपाकघरातून निघाल्यावर मध्ये कोणी झाकणाला हात लावलेला नाही याची ती खूण. आत वाफ अडकून झाकण बसलेलं असतं. ओढू नका, वाटीच्या कडा दोन बोटांनी हलके दाबा, हवा शिरली की सुटतं. संपल्यावर झाकण पूर्वीसारखंच ठेवा, उलटं आत खुपसलं तर लाखेला चरे पडतात.

पहिला घोट बहुतेक भारतीयांना पाण्यासारखा लागतो. तक्रार करायची घाई करू नये. तिसऱ्या घोटाला जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी पसरायला लागतं आणि मग वाटी खाली ठेववत नाही.

नाकाई बाहेर गेली तरी दूर जात नाही. दाराबाहेर तिचे कान उभे. जेवायच्या काड्या आधारावर टेकवल्याचा आवाज, वाटीचं झाकण ठेवल्याचा आवाज, संभाषण वाढलं की थांबलं. साशिमी, म्हणजे कच्चेच काप, गोड कोळंबीचे आणि थंडीत चरबी धरलेल्या बुरी माशाचे, आत गेली की ती फोनवरून स्वयंपाकघराला खोलीचं नाव सांगते आणि तिकडे खेकड्याचे पाय निखाऱ्यावर चढतात. साशिमी संपायला जेवढा वेळ, तेवढाच भाजायला. कवच लालसर होऊन कडेला रस उकळायला लागला की उचलायचे; आणखी जरा राहिले तर मांस आकसून धाग्यासारखं होतं. आता पाहुणा मध्येच उठून ऑफिसचा फोन घ्यायला गॅलरीत गेला, तर सकाळपासून आठ-दहा माणसांनी केलेलं काम त्या एका फोनने वाया जातं. नाकाई काही बोलत नाही. आत निरोप देते, नवीन पाय भाजायला घ्या. असे पाय जास्तीचे ठेवलेले असतात का? चांगल्या घरात असतात. त्याची किंमत सगळ्यांच्या भाड्यात आधीच धरलेली असते.

मग जिबुनी. हा कागाचा खास पदार्थ: बदकाच्या कापांना पीठ लावून दाट, गोडसर रश्श्यात शिजवायचं, सोबत फू आणि अळंबी, वरून वसाबी. पिठामुळे रस मांसाला धरून राहतो आणि थंडीत लवकर निवत नाही. बाजूला छोट्या शेगडीवर हांडी असते, तिच्याखाली मेणासारख्या घन इंधनाची वडी. नाकाई ती पेटवते आणि सांगते, विझली की झालं. इंधन संपतं तेव्हाच पदार्थ शिजलेला असतो. वडीचा आकार आधीच मोजून घेतलेला. इतक्या सोप्या युक्तीने एका बाईला एका वेळी दोन खोल्या सांभाळता येतात.

शेवटी भात. वरणभाताने पान सुरू करणाऱ्या माणसाला इथे दोन तास भाताची वाट बघावी लागते, आणि तो येतो तेव्हा पोटात जागा नसते. खोलीसाठी वेगळ्या मातीच्या भांड्यात शिजलेला, सोबत लोणचं आणि मिसो सूप. भात आला म्हणजे मद्य थांबवायचं, हा अलिखित इशारा. उरलेल्या भाताचे गोळे वळून रात्री भूक लागेल म्हणून खोलीत ठेवतात, ही मला या सगळ्या थाटातली सर्वांत आवडती गोष्ट वाटते. थाट संपतो आणि घर सुरू होतं.

साडेआठ

पाहुणे जेवणघरात असतील तर तोवर खोलीत अंथरुणं पडलेली असतात. खोलीतच जेवले असतील तर आधी टेबल हलवायचं. मागे भांड्यांचा डोंगर. माणशी वीस-पंचवीस भांडी सहज होतात आणि त्यातली लाखेची व हाताने रंगवलेली यंत्रात घालता येत नाहीत. कोमट पाणी, मऊ फडकं, लगेच पुसून कोरडी. वाटी कोणी फोडली तर आवाज सगळ्यांना ऐकू येतो, बोलत कोणी नाही.

परत आलेल्या ताटांकडे इताचो स्वतः बघतो. काय उरलं, कुठल्या खोलीतून. शाकाहारी पानातला तिळाचा तोफू चाटून-पुसून गेला असेल तर त्याची मुद्रा जरा सैल होते. उद्याच्या यादीत काय बदलायचं ते तिथेच ठरतं. दहाच्या सुमाराला कोम्बुचे पट्टे नव्या पाण्यात पडतात आणि दिवा मालवतो.

तुमच्यापैकी कोणी जाणार असाल तर तीन गोष्टी कराव्यात. बुकिंग करतानाच, आणि नंतर आठवडाभर आधी पुन्हा, लिहून कळवा: मासा-मटण नको एवढंच लिहू नका, माशाचा दाशीही नको, इशिरूही नको, अंडं-दूध चालतं की नाही, असं एकेक स्पष्ट लिहा. खेकड्यासाठी जाणार असाल आणि कोबाको खायचा असेल, तर २९ डिसेंबरच्या आत जा. आणि दुपारी चारपर्यंत पोचा, आंघोळ उरका, फोन खोलीत ठेवा आणि सहा म्हणालात तर सहाला बसा.